सहा नंबरचा शर्ट

वहिनींनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, पण क्लबमधला कोणता खेळाडू किती पाण्यात आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हे ऐकून कुणाला फुशारकी वाटली तर खुशाल वाटू द्यावी. सव्वीस वर्षं क्लबचे कपडे ज्या बाईने धुतले, तिच्या वतीने एवढी फुशारकी मारायला हरकत नाही. ती स्वतः काही मारणार नाही.

सामना रविवारी असायचा, आणि रविवारी दोन लॉजच्या चादरी आणि उशांचे अभ्रे घरच्या लाँड्रीत येऊन पडायचे. त्यामुळे मैदान चालत दहा मिनिटांवर असूनही वहिनींना ते फक्त आवाजाने माहीत होतं. आपला गोल झाला की खिडकीची काच थरथरायची. गोल खाल्ला की रस्ता गप्प व्हायचा. वहिनी मशीनचं झाकण लावता लावता म्हणायच्या, "गेली वाटतं मॅच," आणि पुढची चादर उचलायच्या.

त्यांना 'वहिनी' हे नाव पडलं ते धाकट्या दिरामुळे. दीर नोकरीला पोस्टात होता, पण जीव सगळा क्लबच्या समर्थक मंडळात. मंडळाचा सेक्रेटरी होता तो. दिवसातून चार वेळा 'वहिनी, वहिनी' करत लाँड्रीत यायचा, त्यामुळे आधी सगळा रस्ता, मग सगळा क्लब आणि शेवटी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा असलेला चष्म्याचा दुकानदारसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागला. यजमान तेवढे त्यांना काहीच म्हणत नसत. ते गाडीतून घरोघरी कपडे पोचवायचे आणि शब्द जपून वापरायचे, जणू तेही मोजून मिळालेत.

लग्न होऊन आल्यावर पहिल्याच सोमवारी सासऱ्यांनी क्लबचं पोतं त्यांच्यापुढे ठेवलं आणि ते बाहेर गेले. नव्या सुनेला कामाचा उरक दाखवायचा होता. त्यांनी ओल्या चिखलाने माखलेले कपडे तसेच गरम पाण्यात घातले आणि हात भरून येईपर्यंत घासले. चिखल निघाला तर नाहीच, उलट सुतात मुरला. पांढऱ्या शॉर्ट्स चहात बुडवून काढल्यासारख्या झाल्या आणि संघ ते अख्खं वर्ष त्याच रंगात खेळला. समोरच्या संघाचे लोक आपल्या लोकांना 'कपबशी' म्हणून चिडवायचे. सासरे रागावले नाहीत. "चिखल आधी वाळू द्यायचा," ते म्हणाले, "मग ब्रशने झटकायचा, आणि मग पाणी. वाळेपर्यंत दुसरं काम कर."

तेव्हापासून दर सोमवारी मागच्या खोलीत भिंतीलगत लांब दोरीवर ते कपडे वाळत पडायचे. वहिनी दुसरं काम करायच्या, पण नजर तिकडे जायचीच. पाहता पाहता त्यांना कपडे वाचता यायला लागले. ज्याच्या एकाच गुडघ्याला गवताचा हिरवा डाग, तो एकाच बाजूने घसरतो. ज्याची कॉलर चावलेली, त्याला भीती वाटते. ज्याच्या एकाच मोज्याला मलमाचा वास, तो दुखणं लपवतोय. एका गोलकीपरच्या शर्टाला एकदा सलग तीन सोमवार दुधाचा वास आला. त्याला बाळ झाल्याची बातमी क्लबच्या अध्यक्षांच्या आधी वहिनींना लागली होती.

पण हे सगळं त्यांच्या पोटात राहायचं. कपड्यांनी सांगितलेलं कपड्यांपाशीच ठेवायचं, हा त्यांचा नियम. एकदा मोठ्या सामन्याच्या आधी दिराने 'आपल्यातलं दुखावलंय कोण, एवढंच सांगा' म्हणून त्यांना नवी छत्री आणून दिली. वहिनींनी छत्री ठेवून घेतली आणि काही सांगितलं नाही. ती छत्री अजून वापरात आहे.

या सगळ्या कपड्यांत त्यांचा जीव अडकला होता तो सहा नंबरमध्ये. नऊ वर्षं तो शर्ट त्यांच्या हाताखालून जात होता. बाकीचे खेळाडू मोजे पायातून सोलून काढायचे आणि उलटेच, ओल्या गोळ्यासारखे पोत्यात फेकायचे. त्यातल्या प्रत्येकात हात घालून तो सरळ करायचा म्हणजे सोमवारची सकाळ त्यातच जायची. सहा नंबरचे मोजे मात्र सरळ केलेले, एकात एक घातलेले यायचे. जिंकले तरी, हरले तरी. त्याचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि पाहायची गरजही त्यांना वाटली नव्हती.

त्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत दीर आला तो कागद घेऊनच. मागोमाग चष्मेवाला आणि बसचा कंडक्टर. इस्त्रीच्या टेबलासमोरच्या बाकावर हे तिघं दर सोमवारी बसायचे आणि क्लबचा कारभार हाकायचे. दिराला घरी पंखा घ्यायचा तर बायकोच्या मागे तीन दुकानं हिंडावी लागत, चष्मेवाल्याने पाच वर्षांत दुकानाची पाटी रंगवली नव्हती, पण कोणत्या खेळाडूवर किती पैसे लावावेत याबद्दल दोघांनाही तिळमात्र शंका नसे.

"स्ट्रायकर," दीर बसायच्या आधीच म्हणाला. "नदीपलीकडच्या क्लबचा. काल ट्रायलला आपल्याकडून खेळला, सगळ्यांनी पाहिलाय. वर्षाचे सगळे पैसे त्याच्यावर लावायचे. गोल नाहीत तर प्रेक्षक नाहीत, प्रेक्षक नाहीत तर जाहिराती नाहीत. साधं गणित आहे."

"आणि त्याचा पाय मुरगळला की गणित चुकलं," चष्मेवाला म्हणाला. "अठरा-एकोणीसची दोन पोरं घ्या. तीन वर्षं खेळवा, मग चौपट भावाने विका. मोठे क्लब हेच करतात."

"मोठ्या क्लबांच्या गोलसमोर गुडघाभर पाणी साचत नाही," कंडक्टर म्हणाला. "आधी तो खड्डा बुजवा. बाकीचं मग बघू."

"खड्डा बघायला कोण तिकीट काढतं?"

"त्यात पडणारे बघायला काढतात की. काल तुमचा नवा गडी अकरा वेळा पडला. मी मोजलंय." कंडक्टरला डोकी मोजायची सवय होती, ती रविवारीही सुटायची नाही.

"पडणारच. जीव तोडून खेळतो तो. नाहीतर आपला सहा नंबर बघा. नव्वद मिनिटांत एकदा तरी पडला का?"

यावर मात्र तिघांचं एकमत झालं. सहा नंबर विकायचा. तेहेतीस पूर्ण झाली, पगार मोठा, आणि विचारणारा एक क्लब अजून आहे तोवर द्यावा. कॅप्टन असला म्हणून काय झालं. काल तर तो मैदानावर होता की नव्हता हेसुद्धा चष्मेवाल्याला आठवत नव्हतं. त्याचा पगार वाचला तरच स्ट्रायकर परवडणार होता. त्यामुळे संध्याकाळच्या सभेत एकच ठराव होता: सहा नंबर द्या, स्ट्रायकर घ्या.

"वहिनी, सही," दिराने कागद पुढे सरकवला.

सासरे क्लबच्या पहिल्या सभासदांपैकी. त्यांचे दहा शेअर वहिनींच्या नावावर आले होते, म्हणजे सभेत दहा मतं. दरवर्षी सभेआधी दीर कागद आणायचा आणि वहिनी इस्त्री बाजूला ठेवून, न वाचता सही करून ती दहा मतं त्याच्या हवाली करायच्या. आज त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि कागद वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"भावोजी, यावर मी सही करणार नाही."

दिराला आधी वाटलं, पेन चालत नाहीये. त्याने खिशातून दुसरं काढलं.

"पेनाचं नाही. हा माणूस विकायचा नाही."

"वहिनी, तुम्ही एकही मॅच पाहिलेली नाही," दीर शक्य तितक्या गोडीने म्हणाला.

"नाही ना. तुम्ही सगळ्या पाहिल्यात. मग मला एक सांगा. या माझ्याबरोबर."

वहिनी तिघांना मागच्या खोलीत घेऊन गेल्या. सव्वीस वर्षांत बाहेरचं माणूस त्या खोलीत पहिल्यांदा शिरत होतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा दोरीवर पडला होता आणि कालचे शर्ट ओळीने वाळत होते. गडद निळे, चौदा. नंबर फक्त पाठीवर असतो, आणि वहिनींनी सगळ्या पाठी भिंतीकडे केल्या होत्या.

"यातला एकच गडी ठेवायचा झाला तर कुठला ठेवाल?"

तिघंही हात मागे बांधून दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. फार वेळ लागला नाही. मधोमध एक शर्ट छातीपासून खालपर्यंत चिखलाने कडक झाला होता. कोपरापाशी गवत, पोटावर गवत.

"हा," दीर म्हणाला. "नंबर बघायचीसुद्धा गरज नाही. अंगाची माती केलीय पोराने."

"आता याची काख बघा. कॉलर बघा."

काख स्वच्छ होती. कॉलर दुकानातून आणल्यासारखी निळी.

"हा पडला," वहिनी म्हणाल्या, "पळाला नाही. चिखल काय, नुसतं बसलं तरी लागतो. घाम तसा लागत नाही, तो गाळावा लागतो." मग त्या दोरीच्या टोकाकडे गेल्या. "आणि हा?"

"हा राखीव गडी असणार," कंडक्टर म्हणाला. "उतरलाच नसेल मैदानात. डाग कुठाय?"

वहिनींनी तो शर्ट दोन बोटांनी उचलून उन्हात धरला. निळ्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. कॉलरखाली एक, छातीवर दुसरी, पोटाजवळ तिसरी, एकीच्या बाहेर एक. बाह्यांवर, बगलांवर, सगळीकडे.

"मीठ आहे ते. हा भिजला, वाळला, परत भिजला, परत वाळला. दर सोमवारी हा असाच असतो. एवढा पळतो, आणि तरी त्याला मातीत लोळायची वेळ का येत नाही, ते मला कळत नाही. तुम्हाला खेळातलं कळतं. तुम्ही सांगा."

कंडक्टर मनातल्या मनात कालचा सामना पुन्हा उतारूंसारखा मोजत असावा. शेवटी तोच म्हणाला, "चेंडू यायच्या आधीच तिथे जाऊन उभा राहत असेल. मग पडायचं कशाला?"

"असेल," वहिनी म्हणाल्या. "मला काय माहीत."

त्या आता सुखात होत्या. मनातलं दाखवून झालं होतं, आणि नाव न घेता. नियम जागच्या जागी होता. तेवढ्यात चष्मेवाल्याने आपला चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला आणि तो डाव्या बाहीजवळ वाकला. बाहीवर सगळीकडे मिठाच्या रेघा होत्या, पण दंडाभोवती दोन बोटं रुंदीचा पट्टा अगदी कोरा होता.

"इथे काय झालंय?"

"ती जुनी जखम आहे बिचाऱ्याची," वहिनी म्हणाल्या. "बांधतो काहीतरी त्यावर. नऊ वर्षं बघतेय, अजून बरी होत नाही. मी ती बाही हातानेच धुते, मशीनला लावत नाही."

चष्मेवाल्याने दिराकडे पाहिलं. दिराने कंडक्टरकडे.

"वहिनी," चष्मेवाला हळूच म्हणाला, "जखम नाही ती. कॅप्टन दंडावर पट्टी बांधतो. त्या पट्टीची खूण आहे ही."

वहिनींच्या हातातला शर्ट हातातच राहिला. एक सामना पाहिला असता, अगदी एक, तर हे त्यांना कळलं असतं. सव्वीस वर्षं जे पोटात ठेवलं ते आज त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच खोलीत बाहेर पडलं होतं. त्यांना लाज वाटली आणि स्वतःचा रागही आला. आणि त्या रागातही, त्याला जखम नाही म्हणून एका बाजूने जीव भांड्यात पडला, तो वेगळाच.

"म्हणजे हा सहा नंबर," दीर म्हणाला, आणि खाली एका उलट्या बादलीवर बसला.

"ऐका," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तिघंही सरळ झाले. "इथलं इथेच राहील. सभेत कुणी मीठ म्हणायचं नाही, कपडे म्हणायचं नाही, माझं नाव तर नाहीच. पोरं विश्वासाने कपडे टाकतात माझ्याकडे. उद्या त्यांना वाटायला नको की लाँड्रीत आपली चौकशी होते."

"मग लोकांना पटवायचं कसं?" दिराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. हाती हुकमाचा पत्ता आलेला, आणि तो टाकायचा नाही.

"ते तुमचं तुम्ही बघा. बोलण्यात तुमचा हात कोण धरतो? आणि कागद फाडून टाका. माझी मतं मी द्यायला येते."

साडेपाचला सभा. वहिनींनी पाचलाच इस्त्री बंद केली आणि पदराला हात पुसले. यजमान गाडी लावून आत आले, त्यांनी बायकोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "जा तू," ते म्हणाले. "चादरी मी बघतो." त्या आठवड्यातलं त्यांचं ते सगळ्यात मोठं भाषण होतं.

क्लबचा हॉल मैदानाच्या कडेला. पत्र्याचं छप्पर, शंभर घडीच्या खुर्च्या, समोर अध्यक्षांचं टेबल. खेळाडू मागच्या रांगांत बसले होते. दिराने कानाशी येऊन विचारलं, "सहा नंबर दाखवू का?" वहिनी म्हणाल्या, "नको. मला शर्ट पुरे," आणि त्या मागे वळून न पाहता पुढच्या रांगेत बसल्या.

अध्यक्षांनी ठराव वाचला आणि अपेक्षेने सेक्रेटरीकडे पाहिलं, कारण ठराव मुळात त्याचाच होता. दीर उठला. एरवी बोलायला उभा राहिला की लोक घड्याळ बघायला लागत. आज त्याने घसा साफ केला आणि म्हटलं, "माझं मत बदललंय. सहा नंबर विकू नये."

हॉलमध्ये कुजबुज झाली. "कारण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कारण आहे. सांगता येत नाही," असं म्हणून दीर खाली बसला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि घामाने तो स्ट्रायकरपेक्षा जास्त भिजला होता.

"मीसुद्धा," कंडक्टर उभा राहिला. "माझं एवढंच म्हणणं आहे, की स्ट्रायकर अकरा वेळा पडला. त्यातल्या आठ वेळा त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. दुपारपासून आठवून आठवून काढलंय मी. ज्यांना आठवत असेल त्यांनी ताडून बघावं."

लोक आठवायला लागले. मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. चष्मेवाला उठून म्हणाला, की त्याने सहा नंबरचं काम स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी जवळून पाहिलंय आणि यापुढे त्याला दुसरा पुरावा नको. तिघांतला एकही जण कधी मत बदलणारा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तिघांचं एकदम बदललं याचाच लोकांना धसका बसला.

तरी स्ट्रायकरच्या बाजूचे लोक कमी नव्हते. हात वर झाले, मोजले गेले, पुन्हा मोजले गेले. वहिनींनी आपलं दहाचं कार्ड धरून हात वर केला, तेव्हा तो पाण्याने सुरकुतलेला होता. ठराव सात मतांनी पडला. दुपारी कागदावर सही झाली असती, तर तो आरामात पास झाला असता. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. मग उरलेल्या पैशांचा दुसरा ठराव आला आणि चष्मेवाल्याच्या दोन पोरांपैकी एक आणि कंडक्टरच्या खड्ड्याची भरणी, दोन्ही मंजूर झालं. दिराच्या वाट्याला काही आलं नाही, पण तो कधी नव्हे इतका खुशीत दिसत होता.

सभा संपली तशी माणसं खुर्च्या आहे तशा टाकून दाराकडे निघाली. बोलणं सगळं पुढच्या वर्षीचं चाललं होतं. वहिनी उठल्या आणि पहिल्यांदाच मागे वळल्या. खेळाडूंचा घोळका हसत बाहेर पडत होता. एक जण मागे राहिला होता. मध्यम बांध्याचा, कानापाशी केस पिकू लागलेला, साध्या सदऱ्यातला. तो एक एक खुर्ची घडी करून भिंतीला लावत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी पाहतंय का तेही तो बघत नव्हता.

"भावोजी, सहा नंबर हाच ना?"

दीर थबकला. "तुम्ही तर त्याला कधी पाहिलंच नाही."

"नऊ वर्षं बघतेय," वहिनी म्हणाल्या.

तोवर तो खुर्च्यांच्या रांगा आवरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. "ताई, ही खुर्ची घेऊ का?"

वहिनींची नजर सवयीने त्याच्या डाव्या दंडाकडे गेली. तिथे काही नव्हतं. "घ्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. "मोजे सरळ करून टाकता तुम्ही. आभार मानायचे राहून गेले होते."

तो खुर्ची हातात धरून उभा राहिला. आपण आज विकले जाणार होतो आणि विकले गेलो नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर अजून नीट उतरलं नव्हतं. त्यात हे कोण बोलतंय, हे समजायला त्याला थोडा वेळ लागला.

"लाँड्रीच्या का तुम्ही?"

"हो."

"आई करायला लावायची," तो म्हणाला. "तीही लोकांचे कपडे धुवायची. म्हणायची, दुसऱ्याच्या ओल्या मोज्यात हात घालावा लागणं, याच्यासारखं वाईट काम नाही."

वहिनींनी मान हलवली. मग त्यांनी शेजारची खुर्ची मिटली आणि त्याच्याकडे दिली.